अन्नातील स्फुरद : दाण्यातला आणि पाकिटातला
(देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुळागर राखणाऱ्या घरांना स्फुरद हा शब्द अपरिचित नाही. माडापोफळींच्या आळ्यांत घातले जाणारे हाडांचे खत किंवा सुपर फॉस्फेट हे स्फुरदासाठीच असते. परंतु जे द्रव्य झाडांना मोजून घातले जाते, तेच माणसाच्या ताटात रोज कशातून येते आणि त्याचे पुढे काय होते, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करण्याची पाळी एकाएकी येते. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या रक्ततपासणीच्या कागदावर 'फॉस्फरस' ह्या शब्दापुढे वाढलेला आकडा दिसतो आणि पाठोपाठ पथ्याची एक यादी हाती पडते. दूध कमी, डाळी नकोत, कडधान्ये नकोत, नाचणी नको, काजू तर नकोच. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या मूग, कुळीथ आणि अळसांदे खाल्ले, त्या घरातील म्हातारे माणूस मग चहाबरोबर मैद्याची बिस्किटे खाऊन दिवस काढू लागते. ह्या यादीत तथ्य किती आणि ती अपुरी कुठे आहे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय दूरचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. दीर्घकाळच्या मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होतात, हे आता घरोघर ठाऊक आहे. आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिससाठी मडगावला किंवा बांबोळीला जाणारा कोणी ना कोणी प्रत्येक वांगडात आढळतो. स्फुरदाची गोष्ट अशा घरांसाठी नुसती शास्त्रीय माहिती राहत नाही.

ह्या मूलद्रव्याचा शोधच मुळी मूत्रातून लागला. १६६९ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी हेन्निग ब्रांड नावाचा किमयागार सोने मिळविण्याच्या आशेने पिंपेच्या पिंपे मूत्र आटवीत बसला होता. सोने काही मिळाले नाही. मिळाला तो अंधारात थंडपणे प्रकाशणारा एक मेणासारखा पदार्थ. त्यावरून 'प्रकाश वाहणारा' अशा अर्थाचे ग्रीक नाव त्यास पडले. मराठीतील 'स्फुरद' हा शब्दही स्फुरण्याशी, चमकण्याशी नाते सांगणारा आहे. पुढे सुमारे शंभर वर्षांनी स्वीडनमधील गान आणि शील ह्या रसायनशास्त्रज्ञांनी तोच पदार्थ हाडांच्या राखेतून काढला. हाड आणि मूत्र ही दोन स्थाने योगायोगाने पुढे आलेली नाहीत. शरीरात स्फुरद साठतो तो हाडांत आणि नको असलेला बाहेर पडतो तो मूत्रपिंडांवाटे. सगळा विषय ह्या दोन टोकांच्या मध्ये आहे.

प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असतो. त्यातील ८५ टक्के हाडांत आणि दातांत, चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या जोडीने बसलेला असतो. उरलेला थोडा असला तरी त्याचे काम मोठे आहे. प्रत्येक पेशीचे आवरण, आनुवंशिक द्रव्याची साखळी आणि स्नायूंना व मेंदूला क्षणोक्षणी लागणारी शक्ती ही सर्व त्याच्यावाचून अडतात. प्रौढास रोज ७०० मिलिग्रॅम पुरे, असे अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९९७ मध्ये ठरविले. एवढा स्फुरद साध्या जेवणातून मिळतोच मिळतो. कॅल्शियम कमी पडते, लोह तर घरातील स्त्रियांना हमखास कमी पडते. स्फुरद मात्र पोटभर जेवणाऱ्याला कमी पडल्याचे क्वचितच दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून सुटलेले कित्येक युद्धकैदी पोटभर अन्न मिळताच दगावले. रक्तातील स्फुरद एकाएकी पेशींत ओढला जाणे हे त्यामागचे एक मोठे कारण असते, हे पुढे उमगले. म्हणूनच अनेक दिवस अन्न न गेलेल्या रुग्णाला डॉक्टर हळूहळू खायला घालतात. एकादशीच्या किंवा सोमवारच्या उपवासाशी ह्याचा काही संबंध नाही.

कोणत्या अन्नात स्फुरद किती, ह्याचे कोष्टक भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तयार केले. १९१८ मध्ये कुन्नूर येथे मॅकॅरिसन ह्यांनी एका लहानशा खोलीत सुरू केलेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या तिच्या कोष्टकांवर आहारतज्ज्ञांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्या कोष्टकाप्रमाणे १०० ग्रॅम सबंध मुगात ३२६ मिलिग्रॅम स्फुरद असतो, कुळथात ३११, अळसांद्यांत म्हणजे चवळीत ४१४, नाचणीत २८३, काजूगरांत ४५० आणि तिळांत ५७०. गव्हाच्या सबंध पिठात ३५५, तर मैद्यात १२१. गाईच्या दुधात ९०. तांदळाच्या कोंड्यात १४१० आणि त्याच तांदळाला गिरणीत सडून पांढरा केल्यावर १६०.

हे आकडे वाचले की पथ्याची यादी कशी तयार झाली ते ध्यानात येते. मोठ्या आकड्यांचे पदार्थ गाळले की झाले पथ्य! परंतु कोष्टकातील आकडा हा धान्य जाळून उरलेल्या राखेत सापडलेल्या स्फुरदाचा असतो. राखेत जे सापडते ते सर्वच्या सर्व आतड्यातून रक्तात जाते, असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

तांदळाच्या कोंड्याची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण उकडे खावे की सुरय हा वाद गोव्याच्या घरांना नवा नाही. १९०७ मध्ये मलायात बेरीबेरी ह्या रोगाचे थैमान होते. हेन्री फ्रेझर आणि ॲम्ब्रोज स्टँटन ह्या दोघा वैद्यकांनी रस्त्याच्या कामावर असलेल्या जावा बेटावरील सुमारे तीनशे मजुरांच्या दोन तुकड्या केल्या. एकीला पांढरा सडलेला तांदूळ दिला, दुसरीला उकडा. पांढरा खाणाऱ्यांत बेरीबेरी उद्‌भवली, उकडा खाणाऱ्यांत नाही. तांदळाची अदलाबदल केल्यावर रोगानेही तुकडी बदलली. त्या काळी जीवनसत्त्व ही कल्पना अजून रुजली नव्हती. मग चांगला तांदूळ ओळखावा कसा? ह्या दोघांनी खूण शोधली ती स्फुरदाची. ज्या तांदळात फॉस्फरस पेंटॉक्साइडचे प्रमाण ०.४ टक्क्याहून कमी, तो फार सडलेला, म्हणून धोक्याचा. स्फुरद हे बेरीबेरीवरचे औषध नव्हते; औषध होते ते कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व. परंतु कोंडा किती राहिला आहे ह्याची साक्ष स्फुरद देत होता. उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या कष्टकऱ्याला जे आपसूक मिळत होते, ते पांढऱ्या तांदळाची हौस असलेल्या श्रीमंताच्या ताटातून उडून गेले होते. नैवेद्याला सुरय तांदूळ आणि घरच्या जेवणाला उकडा, ही जुन्या घरांतील वाटणी आरोग्याच्या दृष्टीने फारच शहाणपणाची होती, असे म्हणावे लागते.

कोंड्यातला, कडधान्यातला आणि तेलबियांतला हा स्फुरद असतो तरी कोणत्या रूपात? बीज म्हणजे झाडाचे तान्हे मूल. त्याला रुजल्यावर लागणारा स्फुरद झाडाने आधीच बांधून ठेवलेला असतो. ह्या गाठोड्याचे नाव फायटिक आम्ल, आणि त्याच्या क्षारांना फायटेट म्हणतात. एका कड्याला स्फुरदाचे सहा गट जोडलेले, अशी त्याची रचना. धान्या-कडधान्यांतील स्फुरदाचा बहुतेक भाग, पुष्कळ वेळा दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक, ह्या कुलपात असतो. कुलूप उघडणाऱ्या किल्लीला फायटेज म्हणतात. हे पाचक द्रव्य बीजात असते. गाई-म्हशींच्या पोटातील जंतूंपाशी असते. माणसाच्या लहान आतड्यात मात्र नावापुरते. म्हणून उसळीतील स्फुरदाचा बराच भाग माणसाच्या पोटातून तसाच निघून जातो. दूध, मासळी, अंडी ह्यांतील स्फुरद त्याहून अधिक प्रमाणात अंगी लागतो. आणि कारखान्यात क्षाराच्या रूपाने अन्नात मिसळलेला स्फुरद, ज्याला कुलूपच नसते, तो जवळजवळ सगळा रक्तात उतरतो.

२०११ मध्ये अमेरिकेतील इंडियाना येथे शेरॉन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडविकाराच्या मोजक्या रुग्णांवर एक नेमका प्रयोग केला. त्यांना एक आठवडा धान्ये व सोयाबीन ह्यांवर आधारलेला शाकाहार आणि दुसऱ्या वेळी एक आठवडा मांस व दूधदुभते असलेला आहार दिला. दोन्हींत स्फुरदाचा आकडा सारखाच ठेवला होता. शाकाहाराच्या आठवड्यानंतर रक्तातील स्फुरद कमी भरला. रुग्ण थोडे होते, मुदतही लहान होती. तरी यादीतील आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये, एवढे त्यावरून निश्चित कळले, आणि पुढे मूत्रपिंडतज्ज्ञांच्या पथ्यविचारात हा भेद येऊ लागला.

फायटेटला दुसरी बाजूही आहे, आणि ती निरोगी माणसाच्या, विशेषतः घरातील मुली-सुनांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. हे गाठोडे एकटे जात नाही. जाताना लोह, जस्त आणि कॅल्शियम ह्यांनाही धरून नेते. इंग्लंडमध्ये महायुद्धाच्या काळात कोंड्यासकट पिठाचा पाव सक्तीचा झाला, तेव्हा मॅकान्स आणि विडोसन ह्यांच्या प्रयोगांनी ही गोष्ट पुढे आणली आणि सरकारने पिठात खडूची भुकटी मिसळण्यास सुरुवात केली. येथील सुगरणींनी खडू मिसळला नाही. त्यांनी बीजाची किल्ली बीजालाच फिरवायला लावली. मूग रात्री भिजत घातले, सकाळी फडक्यात बांधले, मोड आले; बीजाला वाटले आता रुजायचे, म्हणून त्याने फायटेज जागे केले आणि कुलूप उघडू लागले. समाराधनेच्या पानावरील मुगागाठी ही ह्या क्रियेची सर्वांत रुचकर परिणती होय. नाचणी रात्रभर आंबवून केलेली आंबील, तांदूळ-उडदाचे पीठ आंबवून केलेले पोळे आणि सांनां, पोदेराने किण्वावर फुगविलेली कोंड्याची पोय ह्या सर्वांत थोड्याफार फरकाने हेच घडते. आंबटपणा आणि ऊब ह्या किल्लीला मानवतात. उकळते पाणी तिला नष्ट करते. म्हणून कडधान्य न भिजविता थेट प्रेशर कुकरमध्ये घालण्याची जी घाईची रीत पडली आहे, तीत वेळ वाचतो आणि लोह जाते. लहान मुलांच्या पेजेसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, मग दळण्याची रीतही ह्याच कारणाने चांगली. नाचणीत १०० ग्रॅममागे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तिच्यातील स्फुरदाहूनही अधिक. हे भाग्य दुसऱ्या कोणत्याही मुख्य धान्याच्या वाट्याला आलेले नाही.

तान्ह्या मुलाविषयी जाता जाता एक गोष्ट. आईच्या दुधात १०० ग्रॅममागे स्फुरद सुमारे १५ मिलिग्रॅमच असतो, गाईच्या दुधात त्याच्या सहापट. गाईचे दूध पाजलेल्या नवजात अर्भकाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना तो भार पेलत नाही, रक्तातील कॅल्शियम उतरते आणि क्वचित झटकेही येतात. वासराचे हाड झपाट्याने वाढायचे असते. माणसाच्या मुलाला तेवढी घाई नसते.

आता मूत्रपिंडाच्या रुग्णाकडे वळावयाचे. निरोगी मूत्रपिंडे जादा स्फुरद मुकाट्याने बाहेर टाकतात. ती दुर्बळ होऊ लागली की शरीर आधी संप्रेरकांचा जोर वाढवून उरलेल्या भागाकडून जास्त काम करून घेते. त्यामुळे रक्तातील आकडा पुष्कळ काळ २.५ ते ४.५ मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मर्यादेतच दिसतो आणि घरचे लोक निश्चिंत राहतात. तो वाढलेला दिसू लागतो तेव्हा विकार बराच पुढे गेलेला असतो. मग अंगाला खाज सुटते, हाडांतील चुना सुटून हाडे ठिसूळ होतात, आणि जो चुना हाडांत हवा तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसू लागतो. हृदयविकाराचा धोका त्यातूनच वाढतो. डायलिसिसने स्फुरद निघतो, परंतु आठवडाभर अन्नातून आलेला सगळा निघत नाही.

अशा रुग्णाला पथ्य हवेच. प्रश्न आहे तो ते कोठून सुरू करावे, हा. आणि येथे पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या वेष्टित अन्नावर मिसळकाचा क्रमांक छापावा लागतो. स्फुरदाचे प्रमाण छापण्याचे मात्र बंधन नाही. म्हणून क्रमांक ओळखावे. ३३८ ते ३४१, तसेच ४५०, ४५१ आणि ४५२ हे स्फुरदाचे क्षार किंवा आम्ल होत. काळ्या रंगाच्या कोला पेयांत ३३८ असते. चौकोनी तुकड्यांत मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या चीजला मऊपणा येतो तो पुष्कळदा ३३९ आणि ४५२ मुळे. तयार केक-बिस्किटांत वापरल्या जाणाऱ्या बेकिंग पावडरींतही पुष्कळदा हे क्षार असतात. नुसत्या खाण्याच्या सोड्यात स्फुरद नसतो. गोव्याच्या घरांनी विशेष लक्ष द्यावे ते गोठविलेल्या सुंगटांकडे. पाणी धरून राहावे, वजन भरावे म्हणून ती ४५१ क्रमांकाच्या क्षाराच्या पाण्यात बुडविलेली असू शकतात. बाजारात सकाळी आलेली ताजी सुंगटे आणि बर्फाच्या कवचातली पाकिटातली सुंगटे ह्या, रुग्णापुरत्या तरी, दोन वेगळ्या वस्तू समजाव्यात.

अर्थात डाळी-कडधान्ये मोकळी सुटली असाही अर्थ कोणी काढू नये. जे मोड निरोगी सुनेला लोह मोकळे करून देतात, तेच सासऱ्याच्या पोटात स्फुरदही मोकळा करतात. म्हणून एकाच घरात एकाच्या वाटीत मुगागाठी आणि दुसऱ्याच्या वाटीत बिनमोडाच्या मुगाच्या डाळीचे पातळ वरण, अशी वाटणी करणे शास्त्राला धरून होईल. शिवाय अशा रुग्णाला पोटॅशियमचीही भीती असते. ती स्फुरदाहून तातडीची, कारण ती थेट हृदयाचे ठोके बिघडविते. कडधान्य भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देणे, भाजी चिरून उकळून वरचे पाणी टाकणे, हे त्यासाठी करावे लागते. शहाळ्याचे पाणी, जे एरवी रुग्णाला देण्याची रीत आहे, ते पोटॅशियममुळेच डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. डायलिसिसवर असलेल्याला प्रथिने कमी करून चालत नाही, उलट ती अधिक लागतात. अंडी खाणाऱ्या घरांत पिवळा बलक वगळून पांढरा भाग द्यावा. स्फुरद जवळजवळ सगळा बलकात असतो. मासळी कढविल्यावर तिचे आंबट पाणी न पिता नुसती तुकडी घ्यावी. तारल्या, मोतयाळ्या ह्या काट्यांसह चावून खाण्याच्या मासळीत हाडांतला स्फुरदही पोटात जातो, म्हणून त्या कमी कराव्यात. काजूगर मूठभर खाण्याची वस्तू नव्हे; प्रसादाचा एखादा गर किंवा पंचामृताचे एक पळीभर तीर्थ ह्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

अखेर एक व्यवहाराची गोष्ट. स्फुरद बांधून ठेवणाऱ्या ज्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या रक्तातील स्फुरदावर काम करीत नाहीत. पोटातील अन्नात मिसळून तेथेच त्याला धरतात. रिकाम्या पोटी सकाळी सगळी औषधे एकत्र घेण्याची सवय असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ह्या गोळ्या वाया जातात आणि दोष पथ्याला दिला जातो. देवस्थानात महाप्रसादाची पंगत आरती आटोपून दीड-दोन वाजता बसते, गोळी मात्र घरी डबीत राहते. ती येताना बरोबर आणावी आणि पानावर पहिला भात वाढला की त्याच्याबरोबर घ्यावी.